पोच आणि उत्तर
(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलावे अशी चालकांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला. अशा प्रसंगी संस्थेचा इतिहास सांगावा, संस्थापकांचे स्मरण करावे, ही रीत आहे. ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी या मालेत उत्तम रीतीने केलेले आहे. म्हणून आम्ही निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहोत. वरवर पाहता तो रुक्ष वाटेल. परंतु आपल्या समाजातील वृद्ध मंडळी, निवृत्तिवेतनावर संसार चालविणारे गृहस्थ आणि एकट्या राहणाऱ्या भगिनी यांच्या रोजच्या जीविताशी त्याचा निकट संबंध आहे. सरकारचा कारभार आता मोबाइलवर आला आहे. अर्ज, तक्रार, हरकत, सूचना हे सारे घरबसल्या करता येते. पण ते करावे असा विश्वास नागरिकाला वाटतो काय? आणि वाटत नसेल, तर तो कशाने वाटू लागेल?

विश्वास ही काय वस्तू आहे, हे धर्मादाय संस्थेच्या लोकांना निराळे सांगावयास नको. आपल्याकडे कोणी अकरा रुपये दिले तरी त्याला पावती मिळते, वर्षअखेरीस हिशेब तपासला जातो, अहवालात जमाखर्च छापला जातो आणि सभेत कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो. दाते पुन्हा पुन्हा देतात ते आपल्या भाषणांवर भुलून नव्हे. मागच्या खेपेस दिलेल्या पैशाचे काय झाले, हे त्यांस दिसलेले असते म्हणून. सरकारच्या दारी आपले म्हणणे घेऊन जाणाऱ्या माणसाचेही असेच आहे. आपण मागे जे बोललो त्याचे काय झाले, हे त्याला दिसले पाहिजे.

आपल्या घराघरांतून आम्ही या बाबतीत जे ऐकतो, त्यात तीन शंका वारंवार आढळतात. पहिली शंका अशी की, लिहून काय उपयोग, कोणी वाचत नाही. दुसरी अशी की, आपले नाव, पत्ता, आधारचा क्रमांक, मोबाइलचा क्रमांक दिला तर तो कोणाच्या हाती जाईल कोण जाणे. तिसरी शंका बहुधा बोलून दाखविली जात नाही, पण ती सर्वांत खोल आहे : हे आपल्याला जमणार नाही, यातली भाषा आपली नाही, आणि चुकले तर लोक हसतील. या शंकांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. प्रत्येकीला आधार आहे. म्हणून त्यांचा एकेक विचार करू.

प्रारंभी आपल्याच शहराचे एक उदाहरण घेऊ. राज्यकर्त्याने प्रजेचे गाऱ्हाणे स्वतः ऐकावे, ही या भूमीची जुनी परंपरा आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर खुल्या दरबारात बसून प्रत्येकाची फिर्याद जातीने ऐकत असत, असे सर जॉन माल्कम यांनी 1823 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात नमूद केले आहे. परंतु आम्हांला जी गोष्ट सांगावयाची आहे ती पुढची, 1917 सालची. त्या वेळी शहरात प्लेगचा उपद्रव होता, आणि तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांस शहराची पाहणी करण्यास पाचारण केले होते. हातात नकाशा घेऊन हा वृद्ध साहेब गल्लीबोळांतून हिंडू लागला, तशी लोकांना धास्ती पडली. हा आला की घरे पडतील, याच्याच पायगुणाने रोग येतो, अशी कुजबुज सुरू झाली. हेतू चांगला, ज्ञान मोठे, पाठीशी दरबारचे बळ. पण लोकांचा विश्वास नाही, अशी ही स्थिती होती.

गेडिस यांनी यावर योजलेला उपाय त्यांच्या चरित्रकारांनी वर्णिला आहे. त्यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले की, येत्या दिवाळीस थाटाची मिरवणूक निघेल. मात्र ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्लीतील अधिकांत अधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून स्वच्छ झालेली दिसतील, त्या गल्लीतून ती जाईल. त्याचबरोबर घराघरांतील केरकचरा सरकारी गाड्यांतून फुकट वाहून नेण्याची व्यवस्था झाली. मग काय विचारता! हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला, उंदीर पकडले गेले, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. हत्ती, घोडे, देखावे अशी मिरवणूक निघाली, आणि तीत प्लेगच्या उंदराचीही प्रतिमा होती. ज्या साहेबाला लोक भीत होते, त्याचाच पुढे जयजयकार झाला. गेडिस यांचा इंदूरविषयीचा विस्तृत अहवाल 1918 साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

या हकिकतीतील हत्ती-घोडे बाजूस ठेवून पाहिले, तर तीन गोष्टी दिसतात. सरकारने आपल्या वाट्याचे काम आधी केले, म्हणजे गाड्या धाडल्या. लोकांनी काय केले असता काय होईल, हे आधी उघड सांगितले. आणि मिरवणूक खरोखरच त्या मार्गाने नेली. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, 2016-17 च्या सुमारास, महापालिकेची गाडी दारोदार येऊ लागली आणि इंदूरच्या गृहिणी ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवू लागल्या, त्यातही हेच रहस्य होते. गाडी उद्या येईल याची खात्री पटली, म्हणून आजचा कचरा रस्त्यावर पडेनासा झाला. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक सलग मिळाला, त्याचे श्रेय या रोज येणाऱ्या गाडीला आणि त्या गाडीची वाट पाहणाऱ्या घरांना सारखेच आहे.

आता आजच्या यंत्रणेकडे वळू. ‘लिहून काय उपयोग’ या पहिल्या शंकेला कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न आपल्या मध्य प्रदेशाने इतर राज्यांच्या आधी केला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. 2010 साली येथे लोकसेवांच्या हमीचा कायदा झाला. ठरलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. न मिळाल्यास पहिले अपील, मग दुसरे अपील. आणि कारणावाचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दर दिवशी 250 रुपये, कमाल 5000 रुपयेपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. तो दंड अर्जदारास भरपाई म्हणून देता येतो. पुढे 2014 साली 181 या क्रमांकाची मुख्यमंत्री हेल्पलाइन सुरू झाली. तेथे केलेली तक्रार खालच्या अधिकाऱ्याने मुदतीत सोडविली नाही, अथवा तक्रारदाराचे समाधान झाले नाही, तर ती वरच्या पायरीवर चढते. अशा चार पायऱ्या आहेत. केंद्र सरकारच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर 2024 सालापासून निवारणाची मुदत 21 दिवसांची केली आहे, आणि निर्णय न पटल्यास तेथेही अपिलाची सोय आहे.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. मग शंका का उरते? याचे कारण असे की, यंत्र पोच तत्काळ देते, परंतु पोच म्हणजे उत्तर नव्हे. तक्रार नोंदली की क्षणात मोबाइलवर क्रमांक येतो, माणूस हरखतो. काही दिवसांनी दुसरा संदेश येतो की, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तो खिडकीतून पाहतो, तर गटार तुंबलेलेच असते. एखाद्या भगिनीचे निवृत्तिवेतन दोन कागदांवरील नावांच्या अक्षरांत फरक आहे म्हणून थांबलेले असते, आणि ‘आवश्यक कार्यवाही करण्यात आली’ एवढेच तिला वाचावयास मिळते. ते वाचून तिच्या घरात दूध येत नाही. कार्यालयाच्या तक्त्यात एक प्रकरण कमी होते, आणि समाजात अविश्वासू माणूस एकाने वाढतो. तो पुन्हा लिहीत नाही. आणि शेजारणीलाही लिहू नको म्हणून सांगतो.

आमच्या मते विश्वासाची किल्ली येथे आहे. माणूस प्रत्येक वेळी होकारच मागतो असे नाही. नाही म्हणा, पण का नाही ते सांगा. कोणी ठरविले ते सांगा. आणि त्यावर कोठे दाद मागावी ते सांगा. कारणासहित दिलेला नकार माणूस पचवितो. कारणावाचून दिलेली ‘निकाली’ त्याला अपमानासारखी लागते. म्हणून तक्रार बंद करण्याचा अधिकार कार्यालयाच्या हाती जितका कमी आणि तक्रारदाराच्या हाती जितका अधिक, तितकी ती व्यवस्था विश्वासास पात्र.

सामान्य माणसांच्या लिहिण्याने देशाचे धोरण घडते, याचे एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी निरनिराळ्या संकेतस्थळांसाठी निरनिराळा दर घ्यावा किंवा कसे, याविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 27 मार्च 2015 रोजी लोकांची मते मागविली. विषय किती क्लिष्ट! तरीही दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. डिसेंबरात प्राधिकरणाने पुन्हा प्रश्न विचारले, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी असा भेदभाव करणारे दर आकारण्यास मनाई करणारा नियम, त्यामागील कारणांच्या विवेचनासह, प्रसिद्ध केला. लिहिणाऱ्यांना आपल्या लिहिण्याचा परिणाम दिसला.

परंतु याच प्रकरणात दुसऱ्या शंकेचाही पुरावा मिळतो. आलेली मते जाहीर करताना प्राधिकरणाने एप्रिल 2015 मध्ये लिहिणाऱ्या लाखो लोकांचे ई-मेलचे पत्तेही सर्वांना दिसतील असे मांडून ठेवले. मत उघड व्हावे हे ठीक; पण मत देणाऱ्याचा पत्ता फसवणूक करणाऱ्यांच्या हाती आयता पडावा, हे कोणत्या न्यायाने? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला, आणि 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तेव्हा ‘माझी माहिती कोठे जाते’ असे विचारणारा म्हातारा माणूस मागासलेला नसून, न्यायालयाने मान्य केलेला अधिकारच बजावीत असतो, हे त्याच्या नातवंडांनी ध्यानात घ्यावे.

तिसरी शंका भाषेची. ती आपणां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना विशेष जवळची आहे. आपण कचेरीत हिंदी बोलतो, मुलांच्या शाळेत इंग्रजी वाचतो, पण हरकत घ्यावयाची, कारण समजावून सांगावयाचे, म्हणजे पुष्कळांना मराठीच सुचते. केंद्र सरकारच्या 2014 सालच्या धोरणाप्रमाणे कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवला पाहिजे. पण ज्या भाषेत तो कळेल त्या भाषेत नसेल, तर ते तीस दिवस कोणाच्या कामाचे? पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाविषयीचा मसुदा 2020 साली हरकतींसाठी निघाला, तो इंग्रजी व हिंदीत. त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, आणि 30 जून 2020 रोजी न्यायालयाने मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवून, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत मसुद्याचे भाषांतर करण्यास सांगितले. त्या परिशिष्टात बावीस भाषा आहेत आणि मराठी त्यांतील एक आहे. या आदेशाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, ही गोष्ट खेदाची आहे. धरणाचा, खाणीचा, रस्त्याचा परिणाम ज्याच्या शेतावर होणार, त्याला तो त्याच्या भाषेत सांगणे हा उपकार नव्हे. मत विचारल्याचे ते पहिले लक्षण आहे.

कोणी म्हणेल की, या अडचणी आपल्या खंडप्राय देशाच्या आहेत. इतरत्र हे कसे जमते? युरोपात बाल्टिक समुद्राकाठी एस्तोनिया नावाचा देश आहे. लोकसंख्या सुमारे तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या इंदूर शहराहूनही कमी. तेथे 2005 सालापासून निवडणुकीत मतसुद्धा इंटरनेटवरून देता येते. आपल्याकडे सार्वत्रिक निवडणुकीत तसे मतदान नाही, आणि ते असावे असे आम्ही सुचवीतही नाही. आपल्या देशाचा आकार आणि प्रश्न निराळे आहेत. पण विश्वास कसा वाढतो, हे तेथे पाहण्यासारखे आहे. पहिल्या वर्षी शंभरांत सुमारे दोघांनीच हा मार्ग पत्करला. 2023 च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते या मार्गाने पडली. यास अठरा वर्षे लागली. मधल्या काळात कोणावर सक्ती झाली नाही. मतदान केंद्रे उघडीच राहिली. दबावाखाली मत दिले असेल तर ते मुदतीत बदलण्याची सोय राहिली. आपली सरकारी माहिती कोणत्या खात्याने केव्हा पाहिली, हेही नागरिक स्वतः पाहू शकतो.

आणि चूक निघाली तेव्हा? 2017 साली तेथील ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष असल्याचे संशोधकांनी कळविले. सुमारे साडेसात लाख ओळखपत्रे त्या दोषाच्या छायेत आली, आणि स्थानिक निवडणूक महिन्यावर होती. सरकारने काही दिवसांतच, 5 सप्टेंबर रोजी, ही गोष्ट स्वतः जाहीर केली; पुढे नोव्हेंबरात जुनी प्रमाणपत्रे थांबवून नवी दिली. दोष लपविला असता आणि मग तो उघडकीस आला असता, तर बारा वर्षांची पुण्याई एका दिवसात गेली असती. संस्थेच्या हिशेबात चूक निघाली तर ती सभेपुढे मांडणाऱ्या खजिनदारावर लोकांचा विश्वास बसतो, हा आपलाही अनुभव असाच आहे.

सरकारने काय करावे हे सांगून झाले. पण केवळ सरकारला उपदेश करून उठावे, हे धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठास शोभणार नाही. आपण काय करू शकतो? आमची विश्वस्तांस नम्र सूचना अशी की, या अमृतमहोत्सवी वर्षापासून आठवड्यातून एक दिवस दोन तास संस्थेच्या सभागृहात एक मदतीचे टेबल मांडावे. दोन-तीन जाणत्या तरुणांनी आणि एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याने तेथे बसावे. त्या टेबलाचे नियम मात्र कडक असावेत.

पहिला नियम : मोबाइल ज्याचा, हात त्याचा. स्वयंसेवकाने शेजारी बसून सांगावे; अखेरची कळ अर्जदारानेच दाबावी. दुसरा नियम : ओटीपी, गुप्त अंक, बँकेचा तपशील स्वयंसेवकाने विचारू नये आणि सांगितला तरी ऐकू नये. हल्ली सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून फोन येतात आणि जन्माची पुंजी जाते. सरकारच्या खऱ्या दारावरही लोक जात नाहीत, याचे हेही एक मोठे कारण आहे. तसे घडल्यास लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे, ही पाटी टेबलावर ठळक अक्षरांत लावावी. तिसरा नियम : एका वहीत केवळ तक्रारीचा क्रमांक, तारीख, खाते आणि उत्तराची मुदत लिहावी, याहून अधिक माहिती संस्थेने ठेवू नये. चौथा नियम : मुदत संपली की अर्जदारास आठवण द्यावी आणि अपील कसे करावे ते दाखवावे. आणि वर्षअखेरीस किती तक्रारी केल्या, किती खरोखर सुटल्या, किती कारणावाचून बंद झाल्या, याचा आकडा नावे न देता वार्षिक अहवालात छापावा. असे आकडे घेऊन शिष्टमंडळ गेले तर ते अधिकाऱ्यालाही ऐकावे लागेल.

नागरिकांनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. खरे आणि नेमके लिहावे. 2015 च्या अखेरीस नियामक प्राधिकरणाकडे एकाच साच्यातील पत्रांचा ढीग आला, तेव्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे प्राधिकरणास सांगावे लागले. स्वतःच्या शब्दांतील चार ओळी अशा शंभर पत्रांहून मोलाच्या असतात. दुसरी गोष्ट अशी की, काम झाले नसता कोणाच्या भिडेस पडून ‘समाधान झाले’ असे कळवू नये. आणि काम झाले असता मात्र ते कळविण्यास विसरू नये. ज्या अधिकाऱ्याने उन्हात उभे राहून गटार मोकळे करून घेतले, त्यालाही आपल्या कामाची पोच हवी असते.

शेवटी एक सांगून आमचे भाषण पुरे करतो. मोबाइल आला म्हणून कचेरीची खिडकी बंद होऊ नये, आणि कागदावर अर्ज देणाऱ्याला परत पाठवू नये. ज्याला जे दार जमेल, त्या दाराने त्याने आत यावे. परत जाण्याचा मार्ग उघडा आहे हे ज्याला ठाऊक असते, तो नव्या वाटेवर पाऊल टाकण्यास लवकर धजतो. विश्वस्त मंडळींनी टेबलाच्या सूचनेचा पुढील सभेत विचार करावा, आणि पहिल्या दिवशी आपापल्या घरच्या वृद्धांना आपण सर्वांनी तेथे घेऊन यावे, एवढे मागणे आहे.